भर समुद्रातला गोग्रास

"गाईला घास दिल्याशिवाय आपण तोंडात घास घालायचा नाही," सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच सकाळी सांगितलं होतं. मी शब्द दिला, आणि तो आजवर पाळला. आज मात्र गाय भेटण्याआधीच जावयांनी मला त्यांच्या साहेबांच्या आलिशान यॉटवर चढवलं, आणि जेवणाच्या वेळी आम्ही भर समुद्रात होतो.

"आई, फोनमधली गाय चालेल?" जावयांनी काकुळतीने विचारलं.

"तिला पोळी कशी भरवू? तुम्ही सगळे जेवा ना."

"वडीलधाऱ्यांच्या आधी? छे!" साहेब म्हणाले खरे, पण त्यांचे डोळे पनीर टिक्क्यावरून हलेनात.

मग डॉल्फिन पाहायला आणलेल्या दुर्बिणी किनाऱ्याकडे वळल्या.

"दिसली!" साहेबांच्या मिसेस ओरडल्या.

"मॅडम, ती उलटी टाकलेली होडी आहे," कप्तान म्हणाला.

शेवटी सुरूच्या बनात खरीखुरी गाय दिसली, तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

यॉट किनाऱ्याजवळ नेल्यावर मी पदर खोचला, पोळी घेतली आणि अलगद यॉटसोबतच्या छोट्या बोटीत उतरले. गाय बुजू नये म्हणून कप्तानाने इंजीन बंद ठेवून वल्ही हातात घेतली.