दिवाळीचे चार दिवस

"दिवस गेलेत," नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी तपासणीचा कागद दगडाबाईच्या हातात दिला.

दगडाबाईला अक्षर येत नव्हतं, तरी तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि कपाळाला लावला. सून केवळा घरात येऊन पाच वर्षं झाली होती. मागे एकदा केवळाला आठ दिवस वर गेले, तेव्हा सासूने अख्ख्या गल्लीत गूळ वाटला होता, आणि बाराव्या दिवशी सून बाहेर बसली. गूळ खाल्लेली तोंडंच मग महिनाभर हसत होती. म्हणून या खेपेला सुनेला भाकरीचा वास सोसेना, सकाळी उठली की ओकाऱ्या, तरी दगडाबाईने जिभेला गाठ मारली. दिवाळीपासून सव्वा महिना जाऊ दिला. मग सकाळची पहिली लघवी बाटलीत घेऊन दोघी बोरीच्या गाडीने परभणीच्या दवाखान्यात आल्या.

"शेवटची पाळी कधी आली होती?"

"दिवाळीत," सासूनेच सांगून टाकलं. "लक्ष्मीपूजनाला बाहेर बसली. पाडव्याला नवऱ्याला ओवाळलं बी न्हाई बिचारीनं."

नर्सबाईंनी बोटांवर मोजलं, कागदावर लिहिलं. "मग श्रावणात होईल बाळ."

केवळाने तोंड उघडलं आणि मिटलं. तिथेच बोलायला हवं होतं. पण भरल्या दवाखान्यात सासूला खोटं कसं पाडायचं?

एसटी स्टँडकडे जाताना दगडाबाई मिठाईच्या दुकानासमोर थांबली. पेढे मागायला तिने हात वर केला आणि तो तसाच राहिला. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. मग ती सुनेला ओढतच दुकानापासून बाजूला घेऊन गेली.

"केवळा, माझा बिरू मेंढरं घेऊन कवा गेला?"

"भाऊबीजेला. सकाळीच."

"आन् तू तवा कोपऱ्यात. त्याच्या नंतर न्हालीस. तो अजून परत आला न्हाई. मंग हे पोट कोणाचं?"

केवळाने आजूबाजूला पाहून पदर तोंडाशी धरला. "आत्याबाई, मी खोटी बसले व्हते."

"म्हंजे?"

"पाळी घट बसले तवा आली, तीच शेवटची. दिवाळीत चुकली. तुमी पुन्हा गूळ वाटताल, गल्ली पुन्हा हसंल, याचं लय भ्या वाटलं. म्हणलं, चार दिवस कोपरा धरावा, म्हंजे कोणाच्या ध्यानात येनार न्हाई. पक्कं झालं की सांगावं."

पाळी आलेली असताना लपवून स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाया दगडाबाईने पाहिल्या होत्या. न येता बाहेर बसलेली ही पहिलीच. तेही वर्षाच्या सणाला, नवरा आठ महिन्यांसाठी निघालेला असताना! बाहेर बसलेल्या बाईला तपासून कोण बघतं? कोपऱ्यात घोंगडं टाकलं की सगळ्यांनी मानलं. आणि गल्लीचं तर असं, तिला स्वतःच्या लेकरांच्या जन्मतिथी आठवायच्या नाहीत, पण कोणाची सून कोणत्या सणाला बाहेर होती हे पाठ. शेजारच्या कडूबाईने तर करंज्यांचं ताट लांबून सरकवत "ऐन सणातच गं?" म्हणून टोमणाही मारला होता.

"कोण इस्वास ठेवील याच्यावर?" दगडाबाई म्हणाली.

"तुमी ठेवा."

पोर लबाड नव्हती, हे पाच वर्षं एका चुलीशी बसून दगडाबाईला माहीत होतं. पण नुसतं तिला माहीत असून काय उपयोग?

"आत्याबाई, चला, नर्सबाईला खरी तारीख सांगू. त्या घटापासून मोजतील."

"आता तारीख बदलली तर ती बी संशयानंच बघंल. मी बोलले तवा तुझं तोंड शिवलं व्हतं का?"

स्टँडवर बिरूचा चुलतभाऊ सिताराम भेटला. मेंढरांचा तळ मानवतच्या पुढे नदीकडच्या रानात पडला होता, आणि तो तळावरच्या माणसांसाठी ज्वारीचं पीठ घेऊन निघाला होता. दवाखान्यातून आल्या म्हटल्यावर त्याने वहिनीकडे पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसला.

"काकू, दादाला काय निरोप देऊ?"

हा निरोप केवळाने पाच वर्षं मनात घोळवला होता. कोणाबरोबर धाडायचा, कोणत्या शब्दांत, सगळं ठरलेलं होतं. तिने सासूकडे पाहिलं. दगडाबाईने कागदाची बारीक घडी केली आणि चोळीत खोचली.

"सांग, घरी समदं खुशाल हाय. इशेष काई न्हाई."

सिताराम पिठाचं गाठोडं उचलून गाडीकडे वळला. दारापाशी पोचला तोच मागून हाक आली.

"भावजी!"

सासूसमोर केवळा दिराशी एवढ्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. स्टँडवरच्या चारदोन माणसांनीही वळून पाहिलं.

"त्यायला म्हणावं, आखाड लागला की घरी या. लेकरू आखाडातच येनार हाय. श्रावण उजाडला आन् मांडीवर लेकरू नसलं, तर मला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. असंच सांगा. माझ्या तोंडचं सांगा."

गोंधळलेला सिताराम मान हलवून आत चढला. गाडी निघून गेली. केवळा पदराने तोंड पुसत उभी राहिली. तिच्या तोंडावर किती दिवसांनी जरा सुटल्यासारखं दिसत होतं.

दगडाबाई मात्र मटकन खाली बसली.

"काय बोलून बसलीस पोरी," ती हळूच म्हणाली. "घटापासून दहा महिने मोज, श्रावण लागतो. माझा बिरू दहा महिने भरूनच झाला व्हता."