निधड्या छातीचा ब्रॉक

मैदानाच्या मधोमध ब्रॉक हॅलोरन छाती काढून उभा होता. आयुष्यभर समोरच्या संघाचे रेडे अंगावर घेणारा अमेरिकन फुटबॉलमधला हा लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला गडी, आज निवृत्त होत होता. "भीती म्हणजे काय, मला ठाऊकच नाही," तो माइकवर गरजला आणि अख्ख्या स्टेडियमनं मेंढरांसारख्या एकामागोमाग टाळ्या पिटल्या.

"ठाऊक कशी असणार!" कडेच्या बाकावर बसलेला एमिट पुटपुटला. ब्रॉकच्या मणक्यातली चिप प्रत्येक धडकेची कळ एमिटच्या मानेवर बसवलेल्या यंत्रातून त्याच्या मणक्यात पाठवायची. हाड ब्रॉकचं मोडायचं, घाम पगारी एमिटला फुटायचा.

रिवाजाप्रमाणे ब्रॉकच्या नंबरची जर्सी छताला चढली. एमिटचा करार संपला. बाकाशेजारी उभ्या तंत्रज्ञानं एमिटच्या मानेवरचं यंत्र बंद केलं.

तेवढ्यात ब्रॉकचा जुना जोडीदार टकर धावत आला आणि दर सामन्याआधी आदळायचा तशी त्यानं ब्रॉकच्या छातीवर छाती आदळली. प्रेमानंच.

ब्रॉक गवतावर कोसळला. "मेलो! आई गं, मेलो!" माइक चालूच होता.

"काय झालं याला?" तंत्रज्ञ घाबरून म्हणाला.

"काही नाही. लागलं," एमिट उठत म्हणाला. "याचा गुडघा मोडला, त्याची कळ मला आली तेव्हा मी जेवत होतो. तरी ताटावरून उठलो नव्हतो."