जोड दिलेली खोली

भेगेत आज मास्तरांची दोन बोटं गेली. परवा एकच जात होतं.

मास्तर शिंपी होते. त्यांनी गळ्यातला टेप काढून भेग मोजली. वर रुंद, खाली चिंचोळी. घर आणि मागची खोली यांच्या बरोबर जोडावर ती पडली होती, शिवण उसवावी तशी. सकाळपासूनचं हे चौथं मोजमाप होतं.

"अहो, चहा निवतोय," बायकोने हाक मारली.

"चहाचं काय घेऊन बसलीस! इथे खोली खाली बसतेय."

खोली सासूबाईंची. चार वर्षांपूर्वी त्या लेकीकडे राहायला आल्या, तेव्हा मास्तरांनी तीस वर्षांच्या जुन्या घराला मागून ती जोडली. पाया खणताना सासूबाई स्टूल टाकून बसल्या होत्या आणि खडक लागेपर्यंत त्यांनी मजुरांना वर येऊ दिलं नव्हतं. दोन दिवसांचं काम आठ दिवस चाललं. मास्तर ही गोष्ट गिऱ्हाइकांना रंगवून सांगत. आता मात्र त्यांना हसू येत नव्हतं.

"जोड दिलेलं कापडच आटतं," ते बायकोला म्हणाले. "मूळ कापड बिचारं किती धुण्यांतून गेलेलं असतं. आयुष्यभर हेच बघतोय मी."

दुरुस्तीवाले दोघं येऊन गेले होते. मास्तरांनी दोघांनाही बाजूच्या बोळातून थेट मागे नेलं होतं. पहिला म्हणाला, लादीला भोकं पाडू, खालून रसायनाचा फेस भरू, तो फुगला की लादी वर येईल. अर्ध्या दिवसाचं काम. दुसऱ्याने ते ऐकून नाक मुरडलं. फेस पोकळी भरेल, भिंतीचं वजन थोडंच पेलणार आहे? लोखंडी खांब कडक जमिनीपर्यंत ठोकायचे आणि त्यांवर खोली टेकवायची. त्यासाठी खोली महिनाभर रिकामी हवी.

फेस की खांब? मास्तरांना धड बसवेना. एक बाही त्यांनी उलटी जोडली, उसवली आणि पुन्हा उलटीच जोडली.

"आधी इंजिनिअरबाईंना मोजू दे," बायको म्हणाली. "उद्या येतायत त्या."

"मोजायला बाई कशाला? टेप आहे ना माझ्याकडे!"

घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात एक गिऱ्हाईक आरशासमोर नवी पँट घालून उभं होतं.

"मास्तर, डावा पाय लांब वाटतोय."

"सरळ उभे राहा जरा."

"सरळच उभा आहे की."

मास्तरांनी दोन्ही पाय मोजले. सारखेच भरले. नाचता येईना अंगण वाकडं, असं मनात म्हणत त्यांनी गिऱ्हाइकाला वाटेला लावलं. मग हादरणाऱ्या मशीनच्या पायाखाली चिंधीची आणखी एक घडी सरकवली. दुकानाचं दार पुन्हा अडकलं होतं. सुताराने दोनदा रंधा मारूनही ते नीट लागत नव्हतं.

दुपारी त्यांनी निर्णय घेतला. खांब. आणि सासूबाईंनी उद्या सकाळीच मेहुण्याकडे जायचं.

"रागावू नका," ते सासूबाईंना म्हणाले. "भिंत अंगावर आली तर मी कुणाला तोंड दाखवू?"

ते खोटं बोलत नव्हते. गेल्या चार रात्री त्या भिंतीच्या धास्तीने त्यांचा डोळा लागला नव्हता. पण खरं सांगायचं तर, घर चार दिवस आपलं एकट्याचं होईल, असंही त्यांना वाटून गेलं आणि त्याची त्यांना लाज वाटली.

सासूबाईंनी कपाट उघडलं. त्याचं दार अलगद उघडलं, अलगद लागलं. मेहुण्याचं घर चौथ्या मजल्यावर होतं. तिथे त्यांना बाहेरच्या खोलीत पडद्याआड झोपावं लागणार होतं आणि एकदा चौथा मजला चढल्यावर त्या पुन्हा उतरणार नव्हत्या, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"चार दिवस सासूचे म्हणतात, जावईबापू," त्या म्हणाल्या. "मला चांगली चार वर्षं मिळाली."

कुणी हसलं नाही. बायको स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली.

सकाळी मेहुणा गाडी घेऊन आला. बॅग डिकीत गेली. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या, तेवढ्यात इंजिनिअरबाई स्कूटरवरून उतरल्या. मास्तर त्यांना बोळाकडे घेऊन निघाले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आधी रस्त्यापलीकडून बघू."

त्यांनी समोरच्या फुटपाथवर तिपाई लावली, तिच्यावर दुर्बीण बसवली. हलणार नाही अशी खूण म्हणून रस्त्याच्या टोकाच्या पुलाच्या दगडी कठड्यावर पहिलं माप घेतलं. मग सोबत आलेल्या मदतनिसाला पट्टी धरायला लावून घराचा कोपरा न् कोपरा मोजला. चार वर्षांपूर्वीचा नकाशा मागवला, त्यातले आकडे ताडून पाहिले आणि सगळं पुन्हा मोजलं.

मास्तर टेप बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. मेहुण्याने दोनदा घड्याळ बघितलं.

"भाऊजी, निघू का? उशीर होतोय."

"हो, निघा. उगाच आईंना उन्हात कशाला..." मास्तर बाईंकडे वळले. "मला एवढंच सांगा, खोलीखाली फेस भरू की खांब ठोकू?"

बाईंनी वही मिटली. त्या मास्तरांना उत्तर न देता रस्ता ओलांडून गाडीपाशी गेल्या आणि खिडकीत वाकल्या.

"आजी, बॅग उतरवून घ्या. मागची खोली केसभरसुद्धा हललेली नाही. पुढचं अख्खं घर रस्त्याकडे कललंय, ते आत्ताच्या आत्ता रिकामं करायला हवं. या दोघांना तुमच्या खोलीत जागा द्याल का?"