आजूबाजूचा आवाज

"मॅडम, यूट्यूबवर टाकणार काय?" दुकानदार चंद्रप्रकाशने कपाटातून तिसरा माइक काढत विचारलं.

"नाही हो. वडिलांचा आवाज घ्यायचाय. मोकळ्या मैदानात. वारा असेल, गर्दी असेल."

"मग हाच न्या. कॉलरला लावायचा. वाऱ्यासाठी ही केसाळ टोपी. आणि हे हिरवं बटण दाबलं की आजूबाजूचं सगळं गायब. ज्याच्या कॉलरला आहे त्याचाच आवाज."

श्वेता माइक घेऊन फुटपाथवर आली. घाटकोपर स्टेशनबाहेरचा रस्ता. रिक्षांचे हॉर्न, डोक्यावर मेट्रो, शेजारी मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याचा घसा फोडून आरडाओरडा. आधीच्या दोन माइकांत तिचं बोलणं या कल्लोळात शोधावं लागलं होतं. तिने हिरवं बटण दाबलं, चार शब्द बोलली आणि ऐकलं. रस्ता पुसला गेला होता. दुकानात याहून भारी माइक होते, पण तिच्या आणि नवऱ्याच्या पगारात बसणारा हाच. तिने तो घेऊन टाकला.

वडील म्हणजे धाकू परब. मुलुंडच्या चाळीत होळीला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. होळी पेटवण्याआधी ते तिच्यासमोर उभे राहत आणि सगळ्यांच्या वतीने देवाकडे एकेक मागणं मागत. प्रत्येक मागण्यावर अख्खी चाळ एका सुरात गरजे, "व्हय म्हाराजा!" लहानपणी श्वेताही त्यात हौसेने ओरडायची. पुढे तिने विशालशी लग्न केलं. मुलगा बौद्ध, आणि हे कोकणातले मानकरी. बाबांनी जी पाठ फिरवली ती फिरवली. चेतना झाली तेव्हा आईने त्यांच्यापुढे पेढा धरला, तर ते पेपर वाचत राहिले. हट्टाला पेटलेल्या म्हाताऱ्यापुढे कुणाचं काय चालणार?

आता त्यांच्या घशात कॅन्सर निघाला होता. होळी झाली की ऑपरेशन, आणि त्यात स्वरयंत्रच काढायचं होतं. आज ना उद्या बाबा आपल्याशी बोलतील, रागाने का होईना, ही आशा श्वेताने इतकी वर्षं सोडली नव्हती. आता तो उद्याच संपला होता. निदान त्यांचा आवाज तरी जवळ असावा, म्हणून हा खटाटोप.

आई मुलुंड स्टेशनच्या पुलाखाली भेटली. नेहमीसारखी भाजीची पिशवी घेऊन, चोरून.

"ह्यांका काय सांगू? माइक खयसून इलो?" वनमालाबाईंनी विचारलं.

"मंडळातल्या पोरांनी दिला म्हण. आणि हे हिरवं बटण तेवढं विसरू नकोस गं."

"त्यापरास तूच ये मा. लांब उभी रव."

"आणि मला बघून त्यांनी गाऱ्हाणं अर्धवट सोडलं तर? शेवटचं आहे, आई. नको."

होळी झाली. आईने रेकॉर्डिंग पाठवलं. श्वेताने ते उघडलंच नाही. आवाज अजून त्यांच्या गळ्यात शाबूत असताना तो मोबाइलमध्ये ऐकायला तिचं मन धजेना.

ऑपरेशनच्या दिवशी ती हॉस्पिटलच्या आवारात बाकावर बसून राहिली. वर जायची हिंमत नव्हती. दुपारी आईचा फोन आला.

"झाला गो. बरे आसत. फक्त... वर येतलंस?"

"आई, त्यांना नको असेल तर कशाला येऊ?"

फोन ठेवून तिने कानाला इअरफोन लावले. बाबांचा आवाज आला. फाटलेला, पण अगदी शेजारी बसून बोलावं तसा.

"बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरां शिमग्याक तुज्यासमोर जमली हत. तेंका पोटापाण्याक कमी पडाक देव नको रे म्हाराजा!"

श्वेता चाळीच्या गजराची वाट पाहू लागली. गजर आलाच नाही. त्या बटणाने वाऱ्याबरोबर सगळी चाळही पुसून टाकली होती. तिला भडभडून आलं. बाबा देवाकडे मागतायत आणि 'व्हय' म्हणायला कुणीच नाही! कसला माइक घेतला आपण, आणि आता पुन्हा रेकॉर्डिंग घेणार तरी कुणाचं?

मग तिच्या लक्षात आलं, मधली जागा रिकामी नव्हती. काहीतरी पुटपुटल्यासारखं होतं. तिने मागे नेऊन, आवाज वाढवून ऐकलं.

"माज्या श्वेताक पण."

लोक गरजत असताना, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने बाबा बोलत होते. गळ्यापाशी माइक आहे, पण तो एवढं टिपेल हे त्या भाबड्या माणसाच्या गावीही नसावं.

"कोणाच्या घरात दुखणा-भाणा आसात, तर ता दूर कर रे म्हाराजा!" बाबा मोठ्याने म्हणाले. मग खालच्या पट्टीत, घाईघाईने, "जावयाक सांभाळ. चेतनाक सांभाळ."

जावयाक! श्वेता उठली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती जिना चढत होती. कानात बाबा शेवटच्या मागण्याला आले.

"कोणाचा काय चुकलामाकला आसात, तर पदरात घे रे म्हाराजा!"

वॉर्डाच्या दाराशी ती थांबली. आत बाबा गळ्याला बँडेज बांधून पडले होते, डोळे मिटून. कानात मात्र ते अजून बोलत होते.

"माजाच चुकला. पोरीक सांगूक माका तोंड नाय. तूच सांग तिका."