कानातली बाई

"मला फक्त तुझाच आवाज येतोय," हेल्वी कानात म्हणाल्या. "तुझाच, सारखा."

इल्माने मान हलवली. दोन आठवडे ती हेच ऐकत होती. संगीतशिक्षिका होण्यासाठीचा तिचा सराव कायनू प्रांतातल्या या छोट्या शाळेत चालला होता आणि मार्गदर्शक हेल्वी दोनशे किलोमीटरवर, औलूच्या विद्यापीठात पडद्यासमोर बसत. कॅमेरा फक्त इल्मावर रोखलेला. मुलांचं चित्रण करायचं नाही, असा नियम होता. कानात इअरफोन, गळ्याशी माइक. तो बसवताना शाळेची देखभाल करणारा तापानी म्हणाला होता, "आजूबाजूचा सगळा गोंगाट हा गाळून टाकतो बघ. तुझं बोलणं तेवढं स्वच्छ पोहोचतं."

"इल्मा, कानातली बाई आज काय म्हणते?" पहिल्या रांगेतल्या वीवीने विचारलं.

"मी फार बडबडते म्हणते."

"हे तर आम्हीपण सांगितलं असतं!"

अकरा मुलं मोजे घातलेले पाय आपटत हसली.

आजचा तास शेवटचा. यात उतरली नाही, तर सगळा सराव पुढच्या वर्षी पुन्हा. आणि तोवर इथली जागा दुसऱ्या कुणाला तरी गेलेली असणार.

तिने मांडीवरच्या कान्तेलेची एक तार छेडून सूर दिला. एरवी ती लगेच स्वतः गायला लागे. आज तिने ओठ मिटून घेतले आणि नुसते हात उचलले.

"बोलू नकोस," हेल्वी कुजबुजल्या. "घाबरू नकोस. थांब."

वीवीने सुरुवात केली. मग दोघं, मग सगळे. सगळे म्हणजे ओइवा सोडून. शरद ऋतूत आई गेली, तेव्हापासून तो गाण्याच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसे.

तिसऱ्या ओळीला त्याने तोंड उघडलं. आवाज चिरकला. कुणी हसलं नाही. उलट बाकीच्यांनी लय जराशी संथ केली, त्याला गाठता यावं म्हणून.

इल्मा हसली. हात चालूच होते.

"अजून थांब," हेल्वी म्हणाल्या. "हं. असंच."

गाणं संपलं. मुलं बूट चढवून बर्फात पळाली. रिकाम्या वर्गात इल्मा खाली बसली.

"हेल्वी, सांगून टाका. नापास ना मी?"

"वेडी आहेस का? पास." हेल्वी म्हणाल्या. "एकतीस वर्षांत असं धैर्य पाहिलं नाही गं मी. दोन मिनिटं एकही मूल गायलं नाही, आणि तू हसत हात हलवत राहिलीस."