इंचभर फट

खिडकी तिच्यासाठी सोडलेल्या जागेत उभी केली आणि तिच्या नि भिंतीच्या मधून पलीकडचं कुंपण दिसू लागलं. सहज बोट जाईल एवढी फट होती. कारागिरांनी दुसरी लावून पाहिली, तिसरी लावून पाहिली. सगळ्यांची तीच गत. मग त्यांनी हत्यारं खाली ठेवली आणि आपल्या मालकाला, म्हणजे खिडकीवाल्याला, फोन करून मोकळे झाले.

खिडकीवाला आला तेव्हा घरमालकीण काकू त्याची वाटच पाहत होत्या. एरवी भाजीवाल्याशीही घासाघीस न करणारी ही बाई; पण आज त्यांनी त्याला बसा म्हणायच्या आधीच फैलावर घेतलं. तुमच्या कारखान्यात डोळे मिटून कापतात का, इथपासून सुरुवात झाली. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, मापं तुम्हीच फोनवर सांगितलीत, मी एकेक आकडा परत म्हणून दाखवला आणि तुम्ही हो म्हणालात. काकूंनी कानांवर हात ठेवले. कापतानाच चुकलंय, दुसरं काही नाही, हा हेका त्यांनी सोडला नाही.

खिडकीवाल्याने आवाज चढवला नाही, हीच पंचाईत झाली.

"काकू, एखादी चुकली असती तर मी निमूट परत नेली असती," तो म्हणाला. "पण सगळ्या अगदी एकसारख्या, इंचाने कमी आहेत. कापणाऱ्याचा हात असा चुकत नाही. चुकलंय ते माप."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. मापं मिस्त्रींनी घेतली होती.

मिस्त्री म्हणजे त्यांचा नवरा. आयुष्यभर लोकांची घरं बांधून झाल्यावर आता कुठे स्वतःच्या घराचा पाया घातला आणि डोक्यात रक्ताची गाठ झाली. ऑपरेशन झालं, बोलणं-चालणं परत आलं, पण मधूनच काहीतरी निसटायचं. चहा ठेवून विसरायचे. ओट्यावरची फळी मोजली, तीही इंचाने लांब आली. तेव्हा मुलाने आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता आणखी एक माप चुकलं तर काम ठेकेदाराला देणार. बाबांनी खुर्ची टाकून बघत बसायचं. मुलगा वाईट नव्हता, काळजीनेच बोलत होता. पण दवाखान्यातून आलेला हा माणूस कशाने उठून उभा राहिला, ते काकूंनी पाहिलं होतं. खुर्चीत बसवला की तो संपला. म्हणून खिडकीवाला चुकलेला असणं भागच होतं. आपण त्याच्यावर अन्याय करतोय हे त्यांना कळत होतं, आणि तरी त्या करत होत्या.

एवढ्यात मागच्या भिंतीवर पाणी मारत असलेले मिस्त्री हात पुसत आत आले. खिडकीवाल्याने त्यांना सरळच विचारलं, काका, माझ्यासमोर एकदा मोजता का? काकू घाईघाईने म्हणाल्या की आत्ता नको, ते दमलेत. पण मिस्त्रींनी खिशातून टेप काढलीसुद्धा.

ती टेप म्हणजे एक प्रकरणच होतं. सुरुवातीचा इंच कधीच तुटून गेलेला. नवी का घेत नाही, असं कुणी विचारलं की म्हणायचे, हाताला हीच लागते. टेपवर दिसेल त्यातून एक इंच वजा करायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. फळीच्या वेळी नेमका तोच इंच वजा करायचा राहिला होता.

मिस्त्रींनी टेप भिंतीला लावली. काकूंना तिकडे बघवेना.

"सत्तेचाळीस."

खिडकीवाला वाकून म्हणाला, "काका, इथे तर अठ्ठेचाळीस दिसतंय."

"पहिला इंच तुटलाय ना. तो कोण वजा करणार?" मिस्त्री म्हणाले.

खिडकीवाल्याने स्वतःची नवी कोरी टेप लावली. सत्तेचाळीस. पुढच्या खिडकीपाशी मिस्त्री एक आकडा बोलले आणि नव्या टेपनेही तोच दाखवला. तिसऱ्या वेळी मोजायची गरज उरली नाही. खिडकीवाला काकूंकडे वळला. फोनवर तर तुम्ही शेहेचाळीस सांगितलंत, म्हणाला.

काकू तिथेच विटांच्या ढिगावर बसल्या. फळीचा घोळ झाल्यापासून मिस्त्री जे माप सांगत, त्यातून त्या गुपचूप इंच कमी करून पुढे कळवत. न्हाणीघराच्या दाराचं तसंच केलं, पायऱ्यांच्या फरशांचंही. सगळं बरोबर बसलं. खिडक्यांच्या वेळीही त्यांनी तेच केलं होतं. या वेळी मिस्त्रींनी तो इंच स्वतःच वजा केलेला असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मिस्त्रींना समजायला वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे इतके दिवस तू माझ्या मागून दुरुस्त करत होतीस?"

"हो," काकू म्हणाल्या. पदराने डोळे पुसता पुसता त्यांना हसू फुटलं, ते आवरेना. "आता उरलेल्या दारांची मापं तुम्हीच कळवा. मी फोनला हात लावणार नाही."

मिस्त्री टेप गुंडाळत राहिले. खिडकीवाला बिचारा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. या खिडक्या दुसऱ्या कुठे खपतात का बघतो, असं तो म्हणाला, आणि काकूंनी त्याची मनापासून माफी मागितली.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. खिडक्या बसल्या का, त्याने विचारलं. नाही बसल्या, काकू म्हणाल्या, इंचाने लहान आल्या. तो जड आवाजात म्हणाला, "आई, खरं सांग. कशामुळे?"

"तुझे बाबा बरे झालेत," काकू म्हणाल्या, "त्यामुळे."