बंदरावरच्या सगळ्या सुना

२०१७ साल. गिरीज गावात तेव्हा रविवारी दुपारनंतर प्रत्येक ओटीवर कोणी ना कोणी बसलेलं असायचं. त्या रविवारी डॉमनिकच्या ओटीवर जोएल आणि त्याची आई कॅथरीन बसली होती. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून ती दोघं रिचेलला मागणी घालायला आली होती.

रिचेल डॉमनिकची एकुलती मुलगी. ती आणि जोएल माणिकपूरच्या एकाच क्लासमध्ये शिकवत. ती गणित, तो तर्क. बँकेच्या परीक्षांना बसणारी मुलं त्यांच्याकडे येत.

डॉमनिकने चहा संपवला.

“मास्तर, तर्क शिकवतोस ना? मग हे सोडव. बंदरावरच्या सगळ्या सुना मासळीची पाटी घेऊन बाजारात बसतात. रिचेल बंदरावरची सून होणार. पुढचं तू सांग.”

रिचेल दारात उभी होती. जोएल यातून काहीतरी वाट काढील, असं तिला वाटलं. पण वर्गात तो रोज एकच सांगे: दिलेली विधानं पटोत न पटोत, खरी माना आणि पुढे जा. सवयीने तो तसाच पुढे गेला.

“रिचेल पाटी घेऊन बाजारात बसणार,” तो म्हणाला. “निष्कर्ष बरोबर निघतो.”

“मग संपलं. माझी पोर बाजारात बसणार नाही.”

कॅथरीनने कपाळाला हात लावला. “येवढा शिकला, पन गप बसायला नाय शिकला.” मग ती डॉमनिककडे वळली. “आनि भाऊ, तुमची आई बाजारात माझ्या सासूच्या बाजूलाच बसायची. तिच्या पाटीत काय मुकुट होता? वांगीच होती ना?”

“ते वेगळं.”

“असू दे वेगळं. पन ‘सगळ्या’ कोनी सांगितलं? माझी थोरली सून नर्स हाय. घरात बोंबील साफ केला तरी खिडकीत जाऊन उभी राहते.”

रिचेलला हसू आलं. डॉमनिकलाही, पण त्याने ते दाबलं.

“बरं. सगळ्या नाही, काही बसतात. आता सोडव.”

“आता काहीच निघत नाही,” जोएल म्हणाला.

“म्हणजे बसणार नाही?”

“तेही निघत नाही.” जोएल रिचेलकडे वळला. “तिलाच विचारावं लागेल.”

सकाळपासून रिचेलला कोणी काही विचारलं नव्हतं. डॉमनिकने मान वळवली.

“काय गं?”

“बाजाराचं मला अजून ठाऊक नाही, पप्पा. जोएलचं ठाऊक आहे.”

डॉमनिक उठला, त्याने कॅथरीनचा रिकामा कप स्वतः उचलला आणि आत चहा टाकायला गेला.

पुढच्या जानेवारीत लग्न झालं. कॅथरीनचे गुडघे धरले, त्या वर्षी रिचेल काही महिने बाजारात बसली, मग पुन्हा गणित शिकवू लागली. जोएलने स्वतःचा क्लास काढला. थोरली जाऊ आयर्लंडला गेली. कॅथरीन गेल्या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, वारली.

डॉमनिक आता दर रविवारी पाचूबंदरला जातो. धक्क्यावर बसून त्याची नात शॅनन त्याला कुठली बोट कोणाची ते शिकवते. तो चुकला की ती खदखदून हसते. तो पुन्हा चुकतो.